वर कोणी राहिलं का

१

यशवंतराव गजभिये नेहमी पुढे चालत आणि चंद्रकलाबाई मागे. पांढुर्ण्याच्या बाजारात, नागपूरच्या फलाटावर, नात्यातल्या लग्नात, कुठेही गेले तरी हेच. मागे वळून पाहायची त्यांना सवय नव्हती. बायको येतेच आहे, हे ते धरून चालत. तीसेक वर्षांच्या संसारात त्यांच्या शर्टाची पाठ बाईंना चेहऱ्याहून जास्त ओळखीची झाली होती.

माणूस वाईट नव्हता, कडक होता. सगळी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर, कापसाच्या गाठी आणि संत्र्याच्या पेट्या चढवून घेण्यात गेली. तिथला आवाज घरातही तसाच राहिला. "वंदनाची माय, पानी." "वंदनाची माय, दार पाह्य कोन हाये." एवढंच बोलणं. माहेरी, रामाकोन्याला बाईंची आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा ते म्हणाले होते, रविवारी जाऊ. रविवारी गेले तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती. बाई ते विसरल्या नव्हत्या. पण आणखीही एक गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या. वस्तीतल्या कुणाची बायको शाळेत जात नव्हती, तेव्हा याच माणसानं त्यांना शिकवलं आणि मास्तरकीच्या ट्रेनिंगला घातलं. पोचवायला छिंदवाड्याला स्वतः गेले. तेव्हाही पुढेच चालत होते, आणि बाईंची ट्रंक त्यांच्या डोक्यावर होती.

मुलगी वंदना लग्नानंतर पश्चिम जर्मनीत गेली. जावई सुधाकर तिथे रंगांच्या कारखान्यात होता. पंच्याऐंशी साली, यशवंतराव रिटायर झाल्यावर, दोघांनी आईबाबांना बोलावून घेतलं. बाईंनीही शाळेची नोकरी सोडली होती. जायला नको म्हणण्यासारखं काही नव्हतं.

२

किल्ला नदीकाठच्या डोंगरावर होता. त्याचं नाव बाईंच्या जिभेला काही जमलं नाही. वंदना तिथे नेणार हे ठरल्यापासून त्यांच्या डोळ्यांसमोर देवगड होता. गोंड राजांचा तो किल्ला त्यांनी शाळेच्या सहलीत पाहिला होता. पडक्या भिंती, विहिरीवर वाकलेली झाडं, डब्यांवर टपलेली माकडं. इथे तसं काही नव्हतं. इथे टेबलावर ताटल्या मांडलेल्या होत्या, चुलीशेजारी लाकडं रचलेली होती, पलंगावर पांघरूण घडी करून ठेवलेलं होतं. देवगड कधीच मरून गेला होता. इथला मालक नुसता बाहेर गेल्यासारखा वाटत होता.

दारातच एक म्हातारी बसली होती. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येकाला तिने जोड्यांवरून चढवायच्या मोठ्या लोकरी सपाता दिल्या. लाकडी जमिनीवर ओरखडे उठू नयेत म्हणून ती तजवीज. त्यामुळे त्या सगळ्या दालनांत कुणाचं पाऊल वाजत नव्हतं. नुसती घसट ऐकू यायची. पुढच्या खोलीत माणसं चालायची तेव्हा भिंतीपलीकडे कुणी पोतं ओढतंय असं वाटायचं.

एका खोलीतला पलंग फारच आखूड होता. वंदनाने म्हातारीला विचारून सांगितलं, त्या काळी इथले लोक टेकून बसल्या बसल्या झोपत. आडवं झोपलं की मेल्यासारखं दिसतं, म्हणून.

यशवंतराव म्हणाले, "असा कोनता येडा झोपीन," आणि पुढच्या दालनात गेलेसुद्धा.

३

शेवटी बुरूज होता. आत दगडी जिना, अरुंद, गोल गोल वर जाणारा. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या. बाईंचे गुडघे तोवर बोलायला लागले होते. सुधाकर गाडी आणायला खाली गेला होता, म्हणून वंदना आईजवळ खिडकीतल्या बाकावर बसली. यशवंतराव एकटेच वर निघाले. जाताना वळून पाहिलं नाही. सपातांची घसट वर वर जात राहिली. मधेच एकदा त्यांचा खोकला आला, तोच तो मालधक्क्यावरच्या धुळीचा खोकला. मग काही ऐकू येईना.

बराच वेळ गेला. खिडकीतून नदी दिसत होती, तिच्यावरून एक लांब बोट चालली होती. वंदना तिच्या घरचं काहीबाही सांगत होती आणि बाई हूं हूं करत होत्या. त्यांचं लक्ष जिन्याकडे होतं.

मग उतरताना पाऊल वाजलं. घसट नव्हती, बुटांची टाच वाजत होती, स्वच्छ, एकसारखी. यशवंतराव खाली आले. पायांत सपाता नव्हत्या.

वंदना म्हणाली, "बाबा, सपाता वरच राहिल्या का?"

ते हसले. मग बाकाजवळ आले आणि बाईंपुढे हात धरला.

"हात दे, चंद्रकला. जमीन गुळगुळीत हाये."

बाई क्षणभर तशाच बसून राहिल्या. त्यांच्या नवऱ्यानं त्यांना नावानं हाक मारलेली त्यांना आठवत नव्हती. वंदना ओठ दाबून हसत होती, तिला गंमत वाटत होती. शेवटी बाईंनी हात दिला. तो हात गार होता, पण वर वारं असेल.

बंद करायची वेळ झाली होती. म्हातारी जिन्याच्या दाराशी आली, वर पाहून तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. वंदना उत्तर देणार त्याआधी यशवंतरावांनी मान हलवली. नाही, अशी. म्हातारीने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग दार ओढलं आणि किल्ली फिरवली. त्याच वेळी आत कुठेतरी घसटल्यासारखं झालं. पण मागच्या दालनात दुसरी माणसं सपाता ओढत चालली होती, तेव्हा तो आवाज त्यांचाही असू शकत होता.

गाडीत वंदनाने विचारलं, "बाबा, ती काय म्हणाली ते तुम्हाला कळलं?"

"काय म्हनाली?"

"वर कोणी राहिलं का, असं विचारत होती."

"दार लावताना मानूस दुसरं काय विचारीन," ते म्हणाले. ते बरोबरच होतं.

४

नोव्हेंबरात दोघं पांढुर्ण्याला परतले. संत्र्यांचे ढीग लागले होते, जिनिंगकडे कापसाच्या बैलबंड्यांची रांग होती. घर होतं तसंच होतं. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, तिच्यात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मग स्वयंपाकघर, आणि मागे ज्वारी-गव्हाची कोठीची खोली. कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. वर सगळीकडे कवेलूंचं छप्पर. घराला माडी नव्हती, जिना तर नव्हताच.

यशवंतराव बदलले, हे आधी शेजारच्या सुशीलाच्या ध्यानात आलं. ते बाजारात बाईंच्या बरोबरीनं चालत होते. पिशवी स्वतः घेत होते. सकाळी चहा करून बाईंना उठवत होते. सुशीला हसून म्हणाली, "बाई, भाऊजीले फॉरेनची हवा लागून राहिली. आमच्या घरच्याले बी पाठवा एकडाव."

बाईसुद्धा हसल्या. त्या कुणाला सांगणार नव्हत्या, पण त्यांना बरं वाटत होतं. संध्याकाळी ते दोघं ओट्यावर बसत. ते विचारत, आणि बाई बोलत. शाळेतलं, लहानपणचं, रामाकोन्याच्या नदीवरचं. एकदा आईचं निघालं. रविवारी पोचायला उशीर झाला ते. यशवंतराव म्हणाले, "त्याच दिवशी जाऊ द्यायले पाहिजे होतं तुले."

बाई पदरात रडल्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली होती ते मिळालं होतं. पण झोपायच्या आधी, भांडी आवरताना, एक विचार मनात येऊन गेला. ते 'मी' म्हणाले नव्हते. जाऊ द्यायला पाहिजे होतं, एवढंच म्हणाले होते. दुसऱ्या कुणाची चूक सांगावी तसं.

बोलण्याची पद्धत असते एकेकाची, असं म्हणून त्यांनी दिवा मालवला.

५

पहिल्यांदा आवाज आला तो जानेवारीतल्या एका दुपारी. यशवंतराव बाहेर गेले होते. बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. कोठीच्या खोलीतून घसटल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

उंदीर, त्यांना वाटलं. पण उंदीर असा थांबून थांबून चालत नाही. मग मालगाडी असेल. रूळ लांब नव्हते, जड गाडी गेली की कोठ्यांची झाकणं थरथरायची. त्या गाडीची वाट पाहत बसल्या. गाडी आली नाही. घसट सुरूच होती.

बाईंनी जन्मभर पोरांना सांगितलं होतं, भूत नसतं, डोक्यात असतं. यशवंतराव तर वस्तीत कुणी भगत बोलावला की दारात जाऊन भांडायचे. तेव्हा बाई उठल्या, दार उघडलं, आत गेल्या. कोठ्या, पिपे, वर टांगलेली दोरी. सगळं जागच्या जागी. आत गेल्याबरोबर आवाज बंद झाला. त्या बाहेर येऊन बसल्या, आणि थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला.

त्या मागच्या बाजूनं अंगणातून जाऊन भिंत पाहून आल्या. तिकडे सुशीलाचं आवार, तिने खाटेवर वड्या वाळत घातलेल्या. भिंतीला कान लावला, काही नाही. आवाज घराच्या बाहेर नव्हता. तो घरात होता, आणि दार बंद असलं तरच होता.

असं बरेच दिवस चाललं. बाईंनी डोकं शांत ठेवून ऐकायचं ठरवलं, वर्गात कोण कुजबुजतंय ते हेरावं तसं. दोन गोष्टी त्यांना कळल्या. एक, आवाज खोलीत फिरत होता, भिंतीच्या कडेनं, गोल. दुसरी कळली तेव्हा त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. आवाज दर वेळी थोडा खालून येत होता. जानेवारीत तो कवेलूंच्याही वर होता. होळी झाली तेव्हा आढ्यापाशी आला होता.

आणि त्या दिवशी त्याच्यामागून खोकला ऐकू आला.

६

खोकला ओळखायला बाईंना वेळ लागला नाही. त्या वळल्या. यशवंतराव मागे खुर्चीवर बसले होते, रेडिओ ऐकत. त्यांना खोकला आलेला नव्हता. जर्मनीहून आल्यापासून ते एकदाही खोकले नव्हते, हे तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं.

त्यांनी रेडिओ बंद केला.

"तुमाले ऐकू आलं?" बाईंनी विचारलं.

ते उठले, कोठीच्या दाराशी गेले आणि दारावर तळहात टेकवून उभे राहिले. तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा. म्हणाले, "उतरून राहिला. लय वेळ लागून राहिला त्याले. तिथं अंधार असते."

"कोणाले?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कपट नव्हतं. थोडी शरम होती.

"तुले माहीत हाये, चंद्रकला."

बाई खाली जमिनीवर बसल्या. हा समोरचा माणूस त्यांना घाबरवत नव्हता, तेच सगळ्यात वाईट होतं. तो त्यांच्यासमोर खाली बसला.

"तू सांगशील तसं करीन," तो म्हणाला. "आला की उघडायचं, का नाही उघडायचं. तूच सांग."

जन्मात त्यांना कुणी काही ठरवायला दिलं नव्हतं. हे दिलं.

७

एप्रिल सगळा तसाच गेला. बाईंनी काही सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. त्यानं दाराला एक साखळी तेवढी बसवली. दोघं जेवत, ओट्यावर बसत, बाजारात जात. तो अजून त्यांची पिशवी घेत होता. बाई वंदनाला कळवायचा विचार करायच्या आणि सोडून द्यायच्या. काय कळवणार? बाबा फार चांगले वागून राहिले म्हणून?

दुपारी मात्र त्या कोठीच्या दारापाशी येऊन बसत. आता आवाज त्यांच्या डोक्याच्या उंचीवर होता. घसटणारा एक पाय दुसऱ्याहून जड पडत होता. एक पायरी उतरून झाली की दम लागल्यासारखा थांबे. त्या मनाशी हिशेब मांडत. रविवारी जाऊ म्हणणारा माणूस, पानी म्हणून ओरडणारा माणूस. त्याला दारामागे ठेवून हा सुखाचा संसार पुढे नेला तर कुणाला कळणार होतं? मग त्यांना ट्रंक आठवे. छिंदवाड्याच्या उन्हात त्यांच्यापुढे चालणारं ते ट्रंकेचं पत्र्याचं बूड, आणि त्याखालची ताठ मान.

एकदा न राहवून त्यांनी दाराच्या फटीशी तोंड नेलं आणि हळूच म्हटलं, "सावकाश उतरा."

आतला पाय थांबला. मग इतक्या घाईनं उतरायला लागला, की बाई दारापासून मागे सरकल्या.

८

मे महिन्यात ती दुपार आली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कूलरचं पाणी संपून तो नुसता गरम वारा फेकत होता, म्हणून बाईंनी बंद केला. बंद केला तशी शांतता झाली, आणि त्या शांततेत शेवटची पायरी उतरल्याचं ऐकू आलं. मग सपाट जमिनीवरची घसट. ती दारापर्यंत आली आणि थांबली. दाराच्या फळीवर काहीतरी टेकलं. कपाळ असावं.

"वंदनाची माय," आतून आवाज आला. "पानी."

तेच शब्द होते. पण हुकूम नव्हता त्यात. तो आवाज इतका सुकलेला होता, की बाईंचे डोळे भरून आले. त्या उठून माठापाशी गेल्या, लोटा भरला. परत आल्या तेव्हा तो दुसरा दारापाशी उभा होता. साखळीवर हात ठेवून वाट पाहत होता.

"सांग," तो म्हणाला.

"उघडा."

त्यानं मान डोलावली. जणू हेच ऐकायचं होतं. मग बाईंच्या हातातला लोटा घेतला. त्याची बोटं त्यांच्या बोटांना लागली. ती किल्ल्यावरच्या दिवसासारखीच गार होती.

"मी नेतो. तू आत नको येऊ. मी गेलो की दार लावून घे."

त्यानं साखळी काढली आणि दार जेमतेम आपल्यापुरतं उघडलं. मे महिन्याच्या त्या घरात थंड वारा आला. ओल्या दगडाचा, जुन्या लोकरीचा वास. त्याच्या खांद्यावरून बाईंना दिसलं ते एवढंच. कोठ्या नव्हत्या. मधोमध झिजलेली एक राखाडी पायरी होती, आणि तिच्या कडेला एक पाय. सपात झिजून तिचे धागे उरले होते, बूट फाटला होता, आणि त्यातून बाहेर आलेली बोटं पिठासारखी पांढरी होती. चेहरा अंधारात होता. एक हात लोट्याकडे पुढे येत होता.

तो आत गेला. बाईंनी दार लावलं. त्यानं सांगितलं होतं म्हणून लावलं, की तो पाय पाहून हातानं आपसूकच लावलं, हे त्यांना पुढेही कधी नीट सांगता आलं नसतं. साखळी घातली.

आत पाणी प्यायल्याचा आवाज आला, गटागटा, न थांबता. लोटा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बोलणं. शब्द कळत नव्हते. दोन माणसं बोलत होती आणि आवाज एकच होता. एक विचारत होता, एक सांगत होता. बराच वेळ. मग दोन्ही थांबले.

बाई दाराला कान लावून उभ्या राहिल्या. काही हललं नाही. त्या म्हणाल्या, "अवो?"

उत्तर लगेच आलं नाही. आपण कोण, हे सांगायला माणसाला लागू नये तेवढा वेळ गेला.

"दार उघडा," आतून आवाज आला.

आवाज यशवंतरावांचाच होता. पण बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं, धुऊन काढलेलं. आणि 'उघडा'. त्या दोघांपैकी एकानंही बाईंना कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

९

बाई अनवाणीच बाहेर पळाल्या आणि सुशीलाच्या घरी गेल्या. काय झालं ते त्यांना सांगता येईना. सुशीलाला वाटलं, ऊन लागलं. तिने कांद्याचं पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, आणि थोड्या वेळानं म्हणाली, चला, मी येतो सोबत, भाऊजी घरी एकलेच असतील ना.

यशवंतराव ओट्यावर बसले होते. अंगावर धुतलेला सदरा, केस नीट विंचरलेले, शेजारी रिकामा लोटा. दोघींना पाहून ते उठून उभे राहिले.

"या," ते म्हणाले. "बसा."

सुशीलाला काही वेगळं दिसलं नाही. तिने बाईंना ऊन लागल्याचं सांगितलं, यशवंतरावांनी ऐकून घेतलं, काळजी घ्यायला हवी असं म्हणाले. ते बोलत होते तोवर बाई त्यांच्याकडे पाहत होत्या. तीस वर्षं ज्याची पाठ पाहिली तो माणूस हा नव्हता. सात महिने ज्याच्याशी पोटातलं बोलल्या तोही हा नव्हता. हा त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहत होता ती गाडीत समोर बसलेल्या प्रवाशाची होती. उद्धटपणा नव्हता, ओळखही नव्हती.

सुशीला गेली. बाई आत आल्या. कोठीच्या दाराला साखळी होती, त्यांनी घातली होती तशीच. त्यांनी ती काढली आणि दार ढकललं. कोठ्या, पिपे, दोरी. ज्वारीचा वास. जमीन कोरडी होती. त्यांनी दार पुन्हा ओढून घेतलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

आधी वाटलं, कानातच वाजतंय. मग नीट ऐकू आलं. फार वरून, कवेलूंच्याही वरून, जानेवारीत आलं होतं तिथूनच. सपातांची घसट, थांबून थांबून. आणि तिच्या अगदी जवळ, तिच्या बरोबरीनं, बुटांची टाच. घसट थांबली की टाचही थांबायची, वाट पाहायची. मग दोन्ही मिळून एक पायरी उतरायच्या. खोकला आला, आणि पाठोपाठ कुणीतरी हलक्या आवाजात काहीतरी म्हटलं. धीर द्यावा तसं.

बाई कामाला लागल्या. स्वयंपाकघरातला माठ उचलून आणला आणि कोठीच्या दाराशी तिवईवर ठेवला. दोन लोटे घासून त्याच्यावर पालथे घातले. मग बैठकीतली खुर्ची ओढत आणली आणि दाराकडे तोंड करून बसल्या. साखळी त्यांनी उखडून काढली आणि चुलीमागे टाकून दिली.

खुर्चीचा आवाज ऐकून ओट्यावरचा माणूस आत आला. बैठकीच्या उंबऱ्यात उभा राहून त्यानं माठाकडे पाहिलं, लोट्यांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. त्याला वरचं काही ऐकू येत असेल असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

"कोणी येणार आहे का तुमच्याकडे?" त्यानं विचारलं.

बाईंनी दारावरची नजर काढली नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "घरचे आहेत."